अडलेल्या मोटारीला वीज : एका नव्या धंद्याचा जमाखर्च

१८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील मानहाइम या शहरांतून बेर्टा बेंझ नांवाची एक बाई आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगतां, त्यानेंच बनविलेल्या तीन चाकांच्या मोटारींत बसून माहेरीं जावयास निघाली. माहेर फोर्त्सहाइमला, म्हणजे शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक दूर. इतका लांबचा प्रवास त्यापूर्वीं अशा मोटारीनें कोणीं केलेला नव्हता. वाटेंत इंधन संपत आलें. पेट्रोलचे पंप तेव्हां पृथ्वीच्या पाठीवर कोठेंच नव्हते. विस्लोख नांवाच्या लहानशा गांवीं एका औषधविक्याच्या दुकानांत लिग्रोइन नांवाचा एक द्रव मिळत असे. कपड्यांवरचे डाग काढण्यास तो उपयोगी पडे. बाईनें तो विकत घेतला, मोटारींत ओतला, आणि ती पुढें गेली. त्या दुकानाला आज जगांतील पहिला पेट्रोलपंप म्हणून मान देतात.

त्या औषधविक्यानें अडलेल्या मोटारींना इंधन पुरविण्याचा धंदा काढलेला नव्हता. तो औषधें विकीत होता, आणि बाईला हवा असलेला द्रव त्याच्या फळीवर दुसऱ्याच कामासाठीं ठेवलेला होता. गोष्ट लहान दिसते. परंतु आज ज्या धंद्याचा विचार करावयाचा आहे, त्याच्या जमाखर्चाचें मर्म तींत आहे.

धंदा असा. विजेची मोटार घेऊन कोणी लांबच्या वाटेला निघाला आणि अधेंमधेंच बॅटरी संपून ती उभी राहिली, कीं त्यानें फोन करावा. मग एक लहान मालमोटार आपल्या पाठीवर भरलेली मोठी बॅटरी घेऊन तेथें यावी, अडलेल्या मोटारीला पुढच्या चार्जिंग-केंद्रापर्यंत पोंचण्यापुरती वीज द्यावी, आणि मोबदला घेऊन परत जावें. कल्पना सुबक आहे, आणि परोपकाराचीहि आहे. आयटीआयमध्यें वीजकाम शिकलेला, एखाद्या गॅरेजांत तीनचार वर्षें उमेदवारी केलेला मुलगा ती घरीं सांगतो, कागदावर नऊ लाखांचा आंकडा मांडतो, आणि वडिलांकडे पाहतो. वडिलांच्या हातीं नुकतीच निवृत्तीची रक्कम आलेली असते. त्या कागदावर ‘होय’ म्हणावें कीं ‘नाहीं’, हा प्रश्न आज पुष्कळ घरांतून उद्भवूं शकतो. आणि तो मुलाच्या उत्साहावर किंवा वडिलांच्या भीतीवर सोडून देण्याजोगा नाहीं. त्याचें गणित मांडतां येतें.

प्रथम हें पाहिलें पाहिजे, कीं वीज ही पेट्रोलसारखी वाहून नेण्याची वस्तु नव्हे. ५ लिटर पेट्रोलचें वजन चार किलोहूनहि कमी भरतें, आणि तेवढ्यावर मध्यम आकाराची मोटार सत्तर-ऐंशीं किलोमीटर जाते. ओतावयास एक मिनिट पुरें होतें. विजेच्या मोटारीला तितकेंच अंतर न्यावयाचें तर हमरस्त्यावरच्या वेगानें सुमारें १२ युनिट वीज लागते. हें घरच्या विजेच्या बिलांतलेंच युनिट. बारा युनिट सांठविणारी बॅटरी तिच्या पेटीसकट शंभर किलोच्या घरांत जाते. शिवाय ती वीज एका बॅटरींतून दुसऱ्या बॅटरींत घालावयास वेळ लागतो तो निराळाच. म्हणून रस्त्यावर वीज देणारा माणूस कोणाचें पोट भरूं शकत नाहीं. तहानलेल्याला तो ओंजळभर पाणी देतो आणि विहिरीची वाट दाखवितो. सहा युनिट वीज दिली, तर मोटार पस्तीस किलोमीटरांच्या आसपास जाईल. आणि बहुतेक ठिकाणीं तेवढें पुरेसें असतें.

ही ओंजळ किती वेळांत भरते, हें मात्र देणाऱ्याच्या हातीं नसतें, घेणाऱ्या मोटारीच्या हातीं असतें. घरगुती पद्धतीचा, म्हणजे ए. सी. प्रवाह बॅटरींत थेट जात नाहीं. मोटारीच्या पोटांत बसविलेलें एक यंत्र तो बदलून आंत घेतें, आणि त्या यंत्राची कुवत ठरलेली असते. टाटा कंपनीची विजेवरची नेक्सॉन २०२० च्या जानेवारींत बाजारांत आली तेव्हां तिची बॅटरी ३०.२ युनिटांची होती, आणि ए. सी. प्रवाहावर ती तासाला ३.३ युनिटांच्या आसपासच वीज घेऊं शके. तिला सहा युनिट द्यावयास पावणेदोन-दोन तास लागणार. नंतरच्या पुष्कळ मोटारी ताशीं सात युनिट घेतात. त्यांचें काम पाऊण तासांत उरकतें. आतां गंमत अशी, कीं वाटेंत अडण्याचा संभव लहान बॅटरीच्या जुन्या मोटारींचाच अधिक. आणि वीज सर्वांत सावकाश पिणाऱ्याहि त्याच. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाच्या भरंवशावर धंदा उभारावयाचा, तेंच गिऱ्हाईक सर्वांत अधिक वेळ खाणार! यावर उपाय आहे. डी. सी. प्रवाहाचें यंत्र मोटारींतल्या त्या यंत्राला वगळून सरळ बॅटरींत वीज घालतें, आणि वीस किलोवॅटांचें असेल तर सहा युनिटांचें काम वीस मिनिटांच्या आंत करतें. पण गाडीवर ठेवून फिरविण्याजोगें असें यंत्र ए. सी.च्या साध्या सरंजामापेक्षां खूपच महाग पडतें. वेळ विकत घ्यावयाचा तर भांडवल घाला, भांडवल वांचवावयाचें तर वेळ घाला, अशी ही अडवणूक आहे.

परदेशांतल्या अनुभवाकडे एक नजर टाकणें इष्ट होईल. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन या मोटारमालकांच्या प्रचंड संघानें २०११ सालीं कांहीं शहरांत अशा वीज देणाऱ्या मालमोटारी रस्त्यावर आणल्या. दहापंधरा मिनिटांत चार-दोन मैलांपासून पंधरा मैलांपर्यंतची वीज त्या देत. संघाजवळ सभासद होते, पैसा होता, नांव होतें. तरीहि बोलावणीं बेताचींच आलीं, आणि कांहीं वर्षांनीं तो उपक्रम थंडावला. पुढें विजेच्या मोटारी पुष्कळ वाढल्यावर, २०२२ सालीं, संघानें निवडक शहरांत पुन्हां प्रयोग सुरू केला. स्पार्कचार्ज या अमेरिकन कंपनीचें उदाहरण अधिक बोलकें आहे. सुटकेसइतक्या बॅटऱ्या एकावर एक रचून रस्त्यांतल्या मोटारीला वीज द्यावयाची, ही तिची मूळ युक्ति. २०२० सालीं दूरचित्रवाणीवरच्या ‘शार्क टँक’ या कार्यक्रमांत तिला दहा लाख डॉलरांचें भांडवल देऊं करण्यांत आलें. नंतर मात्र कंपनीचा भर अडलेल्या प्रवाशांवरून हळूहळू उठला, आणि ज्यांच्याजवळ मोटारींचे ताफे आहेत अशा व्यापाऱ्यांच्या आवारांत जाऊन रोज ठराविक वीज देण्यावर आला. अडलेला प्रवासी केव्हां येईल याचा नेम नाहीं. ताफ्याची मोटार रोज संध्याकाळीं परत येते. व्यापारी मनुष्य दुसरीकडे वळला यांत नवल नाहीं.

चीनमध्यें निओ या मोटारकंपनीनें २०१८ पासून वीज देणाऱ्या फिरत्या गाड्या ठेवल्या. पण ती कंपनी स्वतः मोटारी विकते, आणि ही सेवा तिच्या गिऱ्हाइकांसाठीं आहे. ब्रिटनमधील आर. ए. सी. या संस्थेनें २०१९ सालीं आपल्या नेहमींच्या दुरुस्ती-गाड्यांतच वीज देणारें एक लहान यंत्र बसविण्यास आरंभ केला. दुरुस्ती-गाडी तशीहि रस्त्यावर फिरतच होती, तींतला कारागीर तसाहि पगारावर होता. पंक्चर काढतां काढतां दहा मैलांची वीजहि तो देऊं लागला, एवढेंच. चीनमधल्या काय किंवा ब्रिटनमधल्या काय, या दोन्ही ठिकाणीं वीज देणें हें मूळ धंद्याच्या खांद्यावर बसलेलें आहे; स्वतःच्या पायांवर उभें नाहीं.

आणखी एक आंकडा विचार करावयास लावणारा आहे. ब्रिटनच्या ऑटोमोबाइल असोसिएशनकडे विजेच्या मोटारींचीं जीं बोलावणीं येत, त्यांत बॅटरी संपल्याचीं २०१५ सालीं शंभरांत आठाच्या आसपास होतीं. पुढें चार्जिंग-केंद्रें वाढलीं, बॅटऱ्या मोठ्या झाल्या, आणि हें प्रमाण शंभरांत तीनाच्याहि खालीं उतरलें. मोटारी वाढतात म्हणून एकंदर बोलावणीं वाढतील हें खरें; परंतु एकेका मोटारीमागें अडण्याचा संभव वर्षानुवर्षें घटत जाणार, हेंहि तितकेंच खरें. ज्या धंद्याचें गिऱ्हाईक सुधारणेबरोबर कमी होत जातें, त्यांत पांच वर्षांचें कर्ज काढणाऱ्यानें पांचव्या वर्षाचा विचार पहिल्याच दिवशीं केला पाहिजे.

आतां आपल्या मुलखांत यावें. पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर खंबाटकीचा घाट ओलांडला, कीं पुढें सुरूर फाटा लागतो. तेथून उजवीकडे वाई, वाईहून पसरणीचा घाट चढून पांचगणी, आणि पुढें महाबळेश्वर. मुंबईहून महाबळेश्वर अडीचशें किलोमीटरांहून अधिक आहे. कागदावर ३१२ किलोमीटर सांगणारी जुनी मोटार चार माणसें, सामान आणि थंड हवेचें यंत्र घेऊन हमरस्त्यावर दोनशेंच्या आसपास जाते. म्हणजे वाटेंत एकदां तरी वीज घेणें भाग आहे. केंद्रें नाहींत असें नाहीं. या रस्त्यावर तीं आतां पुष्कळ झालीं आहेत. परंतु शनिवारीं सकाळीं एका केंद्रावर चार मोटारी पुढें उभ्या असतात, दुसऱ्यावरचें यंत्र बंद असतें, तिसऱ्यावर फोनमधून पैसे पोंचत नाहींत. मुलें कंटाळतात, ‘पुढें घेऊं’ असें म्हणून कुटुंब निघतें. वाईला पोंचल्यावर मोटारीच्या फळीवरचा आंकडा अजून पंचवीस किलोमीटर दाखवीत असतो, आणि पांचगणी तर बारा-तेरा किलोमीटरच उरलेली असते.

येथें घाट आपला कर वसूल करतो. वाई आणि पांचगणी यांच्या उंचींत सुमारें सहाशें मीटरांचा फरक आहे. माणसांसकट १,७०० किलो वजनाची मोटार तेवढी उंच उचलावयास नुसत्या पदार्थविज्ञानाच्या नियमानें पावणेतीन युनिट लागतात. यंत्रांतली घट धरून तीनांहून अधिक. सपाट रस्त्यावर तेवढ्या विजेंत अठरा-वीस किलोमीटर जातां आलें असतें. फळीवरचा आंकडा मागच्या सपाटीच्या हिशेबानें काढलेला असतो, त्याला पुढचा चढ ठाऊक नसतो. म्हणून घाटाच्या मध्यावर तो झपाझप उतरतो. आणि एका वळणाच्या अलीकडे, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी अशा जागीं, मोटार कासवाच्या गतीनें सरकूं लागते. मागच्या बाकावर म्हातारी आई असते, अंधार पडूं लागलेला असतो. अशा वेळीं खालून दिव्यांची उघडझाप करीत येणारी ती लहान मालमोटार म्हणजे साक्षात् देवदूत वाटेल यांत शंका नाहीं. परंतु देवदूताच्याहि घरीं महिन्याचा हप्ता असतो.

समजा, सुरूर फाट्यावर एका तरुणानें हा धंदा स्वतंत्रपणें थाटला. जुनी चांगली मालमोटार ४ लाखांना, आणि २० युनिटांची बॅटरी, इन्व्हर्टर, केबली व इतर सरंजाम ५ लाखांना घेतला, असें धरून चालूं. भाव ठिकाणाप्रमाणें कमीअधिक होतील. गणिताची रीत बदलणार नाहीं. नऊ लाखांचें कर्ज शेंकडा ११ व्याजानें पांच वर्षांत फेडावयाचें, तर महिन्याचा हप्ता १९,६०० रुपयांच्या घरांत येतो. रात्रीं-बेरात्रीं घाटांत एकट्यानें जातां येत नाहीं. मदतनीस १८,००० रुपये घेईल. विमा, देखभाल, फोन मिळून ६,०००. बेरीज ४३,६०० झाली.

एका बोलावण्याचे १,५०० रुपये घेतले असें समजूं. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरांचें डिझेल ३०० रुपयांचें. सहा युनिट पोंचतीं करावयास घट धरून सातांहून थोडी अधिक युनिटें आपल्याला भरावीं लागतात. दहा रुपयांच्या भावानें ते ७५ रुपये झाले. हातांत राहिले १,१२५. यावरून हिशेब असा निघतो, कीं नुसते हप्ते आणि पगार भागावयास महिन्याला ३९ बोलावणीं पाहिजेत. तरुणाच्या स्वतःच्या पोटासाठीं २०,००० धरले, तर ५७. म्हणजे रोज सुमारें दोन. एका बोलावण्यांत जाण्यायेण्यासह दोन-अडीच तास मोडतात, तेव्हां रोज दोन कामें अशक्य नाहींत. पण तीं रोज दोन अशीं येत नाहींत. मंगळवारीं आणि बुधवारीं फाट्यावर शुकशुकाट असतो. आणि दिवाळीच्या सुटींतल्या एका संध्याकाळीं पांच फोन एकाच तासांत येतात, ज्यांतले तीन परत फिरवावे लागतात. धंद्यांत तोटा नेहमीं रिकाम्या दिवसांमुळेंच होतो असें नाहीं. गर्दीच्या दिवशीं हात एकच असतो म्हणूनहि होतो.

या जमाखर्चांत विजेची किंमत १,५०० त ७५ आहे, हें विसरूं नये. माणूस वीज विकतो आहे असें वरवर दिसतें. वस्तुतः तो आपली हजेरी विकतो आहे. म्हणून वीज स्वस्त मिळविण्यासाठीं, छपरावर सूर्यपत्रे वगैरे बसविण्यासाठीं आरंभींच खर्च करणारे तरुण कांहीं उपयोगाचें करीत नाहींत. सर्व विद्या रिकाम्या तासांचा खर्च कसा उतरवावा यांत आहे.

आणि हा खर्च उतरविण्याचा एकच खात्रीचा मार्ग दिसतो. सुरूर फाट्यावर ज्याचें टायरचें दुकान किंवा गॅरेज आधींच चालतें आहे, ज्याच्याजवळ गाडी आहे आणि हाताखालीं पोरगा आहे, त्यानें फक्त पांच लाखांचा सरंजाम वाढवावा. त्याचा हप्ता १०,९०० च्या आसपास, विमा-देखभालीचे आणखी ३,००० धरले तर महिन्याला १३ बोलावण्यांत खर्च भागतो. चौदावें बोलावणें नफ्याचें. मंगळवारीं फोन आला नाहीं तरी तो पंक्चर काढीत बसलेला असतोच. ३९ आणि १३ यांमधील हें अंतर म्हणजेच मुलाच्या कागदावरचा खरा प्रश्न आहे. ज्याच्याजवळ असें दुकान नाहीं त्यानें तें असलेल्याशीं भागी करावी. निवृत्तीची रक्कम एकट्या मालमोटारींत घालूं नये.

परवान्याची भीति पुष्कळांना वाटते; तिचें निरसन सोपें आहे. वीज विकणें हा परवान्याचा धंदा खरा. परंतु विजेच्या मोटारीची बॅटरी भरून देणें ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असा खुलासा केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयानें १३ एप्रिल २०१८ रोजीं केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत आलेल्या मार्गदर्शक सूचनांत हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरांवर एक केंद्र असावें असें धोरण ठरलें. ही दुसरी गोष्ट आपल्या तरुणाला जितकी सोयीची तितकीच अडचणीचीहि आहे. केंद्रें जवळ जवळ आलीं म्हणजे कमी वीज देऊन भागतें. आणि फार जवळ आलीं म्हणजे त्याला कोणी बोलावीतच नाहीं. द्रुतगती मार्गांवर मात्र रस्ता सांभाळणाऱ्या संस्थेची परवानगी घेतल्याविना गाडी थांबवून काम करतां येणार नाहीं. शिवाय तेथें मधूनच उलट वळतां येत नसल्यामुळें पांच किलोमीटर मागें अडलेल्या मोटारीसाठीं चाळीस किलोमीटरांचा वळसा पडूं शकतो. पसरणीसारखा जुना घाटरस्ता त्या मानानें बरा.

यंत्रसामग्रीच्या दोन गोष्टी येथें सांगितल्याच पाहिजेत. कारण त्या ठाऊक नसल्यामुळें पहिल्याच बोलावण्याला फजिती होण्याचा संभव असतो. घरांतल्या तीन टोंकांच्या बटणांत एक टोंक जमिनीशीं जोडलेलें असतें, ज्याला अर्थिंग म्हणतात. विजेची मोटार ए. सी. प्रवाह घेण्यापूर्वीं हें अर्थिंग नीट आहे कीं नाहीं तें तपासते. गाडीवर ठेवलेल्या इन्व्हर्टरची न्यूट्रल तार अर्थिंगशीं जोडलेली नसेल, तर पुष्कळ मोटारी वीज घ्यावयास साफ नकार देतात. बॅटरी भरलेली, केबल लावलेली, गिऱ्हाईक आशेनें पाहतें आहे, आणि मोटार लाल दिवा दाखवून स्वस्थ! ही जोडणी, आणि तिच्याबरोबर गळतीच्या वेळीं प्रवाह तोडणारा स्विच, जाणत्या वायरमनकडून आधींच करवून घ्यावा. घाटांत, भर पावसांत, ओल्या हातांनीं तें शिकावयाचें नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक नवलाची. विजेच्या मोटारींत मोठ्या बॅटरीखेरीज आणखी एक लहान, बारा व्होल्टांची बॅटरी असते. साध्या पेट्रोलच्या मोटारींत असते तशीच. मोठी बॅटरी जोडून घेणारा स्विच या लहान बॅटरीच्या जोरावर उघडतो-मिटतो. लहान बॅटरी मेली, कीं मोठी कांठोकांठ भरलेली असली तरी मोटार जागी होत नाहीं, कित्येकदां दारेंहि उघडत नाहींत. जर्मनींतील एडीएसी हा मोटारमालकांचा संघ दरवर्षीं रस्त्यांत बंद पडलेल्या मोटारींची मोजदाद करतो. तींत बंद पडण्याचें पहिलें कारण ही बारा व्होल्टांची बॅटरी हेंच निघतें, आणि विजेच्या मोटारींचीहि तीच कथा आहे. म्हणजे वीस युनिटांचा सरंजाम घेऊन गेलेल्या माणसाला प्रत्यक्षांत हाताच्या तळव्यावर मावणारें, थोड्या हजारांचें एक जंप-स्टार्टर यंत्र अधिक वेळां उपयोगी पडेल. त्याचे पैसे मात्र तेवढेच घेतां येतात, कारण हजेरी तेवढीच.

ज्याला पांच लाखहि जड आहेत, त्यानें आरंभ याच टोंकाकडून करावा. जंप-स्टार्टर, हवा भरण्याचें यंत्र, आणि दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर चांगल्या अर्थिंगचें पंधरा अँपिअरचें एक बटण. या साध्या बटणावरूनहि तासाला तीन युनिटांच्या आसपास वीज मिळते, म्हणजे अठरा-वीस किलोमीटर. शेजारीं चहाची टपरी असली तर तासभर बसावयास कोणाची हरकत नसते. वाई ते पांचगणी या टप्प्यांत जे अडतात त्यांतल्या कित्येकांना खालींच कोणीं ‘तासभर थांबा, मग चढा’ असें सांगितलें असतें, तर पुढची वेळ आलीच नसती. फलक मात्र मोठ्या अक्षरांत, आणि घाटाच्या अलीकडे, असावा.

टोइंगच्या धंद्याशीं स्पर्धा हाहि एक विषय आहे. मोटार विकणाऱ्या कंपन्या आणि विमा-कंपन्या वाटेंतल्या मदतीची हमी देतात, आणि पुष्कळदां ती मदत म्हणजे टोइंगची गाडीच असते. विजेची मोटार चाकें जमिनीवर टेकवून ओढीत नेणें बरें नव्हे. चाकांबरोबर मोटर फिरूं लागली, कीं ती वीज निर्माण करूं लागते आणि यंत्र बिघडण्याचा धोका असतो. म्हणून ती सबंध उचलून सपाट पाठीच्या गाडीवर घ्यावी लागते. तशी गाडी बंद पडलेली, आपटलेली, संपलेली अशी कोणतीहि मोटार नेते. वीज देणारी गाडी फक्त संपलेलीलाच उपयोगी. तेव्हां टोइंगवाल्याशीं वैर करण्यांत अर्थ नाहीं. त्याच्या यादींत आपलें नांव घालावें, आणि त्याचें आपल्या. गर्दीच्या संध्याकाळीं आपल्याला न झेपणारीं तीन कामें त्याच्याकडे जावीं. त्याच्याकडे आलेलें, वीस मिनिटांच्या विजेनें सुटणारें काम त्यानें आपल्याकडे धाडावें. विमा-कंपन्यांशीं करार झाला तर दर कमी मिळतो आणि पैसे उशिरा येतात. पण बोलावणीं नेमानें येतात. पहिल्या वर्षीं तरी हा सौदा वाईट नाहीं.

दराविषयीं एक पथ्य. अंधारांत, वळणावर, मुलाबाळांसह अडलेला माणूस मागाल तो आंकडा देईल. तो देईल म्हणून मागणारे कांहीं थोडे नाहींत, आणि घाटांतल्या टोइंगची बदनामी झाली ती याच कारणानें. दर फोनवरच, निघण्यापूर्वीं सांगावा. रात्रीचा निराळा असेल तर तोहि त्याच वेळीं. ‘आल्यावर पाहूं’ हें वाक्य धंद्यांत वापरूं नये. आणि ज्याला जागच्या जागीं फोनवरच उपाय सांगतां येतो, त्याला गाडी घेऊन जाण्याचा अट्टाहास करूं नये. अर्ध्या किलोमीटरवर हॉटेल आहे, थंड हवेचें यंत्र बंद करून सावकाश सरका, तेथें बटण आहे, एवढें सांगितल्यानें १,५०० रुपये बुडतात खरे. परंतु त्या माणसाच्या इमारतींत आणखी दहा विजेच्या मोटारी उभ्या असतात, आणि ते सगळे उन्हाळ्यांत याच वाटेनें येतात.

म्हणून फोन घेणाऱ्याला विचारावयाचे प्रश्न आधीं पाठ करून ठेवलेले बरे. मोटार कोणती आणि किती जुनी, म्हणजे ती ताशीं किती वीज घेईल तें कळतें. समोरचा पडदा लागतो आहे कीं संपूर्ण काळा आहे. काळा असेल तर दोष बहुधा लहान बॅटरीचा. पडद्यावर शेंकडा किती उरले आहेत. जवळचा किलोमीटरचा दगड कोणता; कारण घाटांत फोनचा नकाशा कित्येकदां दगा देतो. मोटार वळणावर आहे काय, असल्यास माणसांना खालीं उतरवून कठड्याच्या आंत उभें करा, दिवे लुकलुकत ठेवा, आणि लाल त्रिकोण पन्नास पावलें मागें ठेवा, हें सांगावयाचें.

आणि शेवटचा प्रश्न असा, कीं मोटार घाट चढत होती कीं उतरत होती. चढणाऱ्या मोटारीला पांचगणीपर्यंतचा चढ भरून द्यावा लागतो. तिला सहा युनिट धरून चालावें. उतरणाऱ्या मोटारीचें तसें नाहीं. ती उताराला लागली, कीं तिची चाकेंच मोटर फिरवून वीज परत करूं लागतात, आणि पसरणीचा घाट संपेपर्यंत फळीवरचा आंकडा थोडा वाढलेलाहि दिसतो. तिला उताराच्या तोंडाशीं नेण्यापुरती, दहा मिनिटांची वीज दिली म्हणजे वाईचें केंद्र ती आपल्या पायांनीं गांठते.